वासोटा दोघांनी करायचा तर: बामणोलीची बोट, परवाना आणि कोयनेचं जंगल

वासोटा हा साताऱ्याजवळ कोयनेच्या जंगलातला गड. बामणोली गावातून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावरून बोटीने तिथे जातात. या बोटीची सगळी व्यवस्था दहा-बारा जणांच्या टोळक्याला डोळ्यांसमोर ठेवून बसवलेली आहे. सकाळी बोट पकडायची, गड चढायचा, बाबूकड्यावर फोटो काढायचे, पाचच्या आत खाली यायचं. दोघांना जंगल बघायला जायचं असेल तर हीच व्यवस्था जरा वाकवून वापरावी लागते. खर्चाचं गणित बदलतं, घड्याळ बदलतं आणि मुख्य म्हणजे गड दुय्यम होतो. एवढी खटपट करण्याजोगं ते जंगल आहे का? आमच्या मते नक्की आहे. साताऱ्यातून पहाटे निघून रात्री जेवायला घरी येता येईल, अशा अंतरात इतकी दाट सदाहरित झाडी पायी हिंडायला दुसरीकडे सहजी मिळत नाही.

आधी पैसे, कारण दोघांच्या बेताला तिथेच पहिला धक्का बसतो. बोटीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. ते हजारांत जातं आणि बदलत राहतं, त्यामुळे निघण्याआधी फोन करून चालू दर विचारा. दोघं बसा की दहा, रक्कम तीच. शनिवार-रविवारी धक्क्यावर पुण्या-मुंबईचे गट आलेले असतात. सहा-सात जणांच्या गटाला वाटणीत दोन डोकी वाढली तर हवीच असतात, त्यामुळे सोबत मिळणं अवघड नाही. मात्र परवान्यासाठी नावांची यादी लिहिण्याआधीच जोडी जमवा. नेणारी बोटच किनाऱ्याला थांबून परत आणते, म्हणून यादी आणि बोट जुळलेली बरी. आणि परतीची वेळ सगळ्यांदेखत ठरवून घ्या. तुम्ही शेकरूच्या घरट्याखाली मान वर करून उभे आणि बाकीचे बोटीत बसून हाका मारताहेत, अशाने दोन्हीकडचा दिवस बिघडतो. परवडत असेल तर मधला वार गाठून पूर्ण भाडं भरणं उत्तम. वाटेवर माणसं नसली की जंगलात दिसणाऱ्या गोष्टी सरळ दुप्पट होतात. चौघांनी, म्हणजे दोन जोडप्यांनी मिळून जाणं हा खिसा आणि शांतता दोन्ही सांभाळणारा मधला मार्ग.

वनखात्याचा परवाना बामणोलीतच मिळतो. हा भाग कोयना अभयारण्याचा आहे. १९८५ साली ते जाहीर झालं, क्षेत्र ४२३.५५ चौरस किलोमीटर. २०१० पासून चांदोली राष्ट्रीय उद्यानासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी अशी महाराष्ट्रातली चार ठिकाणं गेली. त्यामुळे नियम कडक आहेत आणि ते तसेच असावेत. दोघांच्याही ओळखपत्राच्या झेरॉक्स साताऱ्यातूनच आणा. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पुडे मोजून अनामत घेतात, उतरल्यावर मोजणी जुळली की परत देतात. इथे गर्दीच्या दिवशी बराच वेळ जातो. स्टीलच्या बाटल्या आणि डब्यातलं जेवण घेऊन गेलात तर मोजायला काही उरतच नाही आणि रांगेतून लवकर सुटका होते. मुक्कामाला जंगलात परवानगी नाही, आणि पावसाळ्यात वाट बंद असते. साधारण ऑक्टोबरात ती उघडते, पण नेमकी तारीख विचारूनच निघावं.

साताऱ्याहून बामणोली चाळीस किलोमीटरच्या आतच आहे, पण घाट आणि वळणं धरून सव्वा ते दीड तास लागतो. समर्थ मंदिरावरून बोगद्याच्या अलीकडे यवतेश्वरचा घाट धरायचा, पुढे कास पठार, कास तलाव, मग अंधारी गावाकडून खाली उतार. पेट्रोल साताऱ्यात भरा, रोख रक्कम जवळ ठेवा, मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कासवर फुलांची गर्दी असते. त्या काळात सुट्टीच्या दिवशी हा रस्ता घेतलात तर पहिली बोट विसरा. सर्वांत सोपा उपाय म्हणजे आदल्या रात्री बामणोलीत राहणं. घरगुती खोल्या आणि तंबू, दोन्ही मिळतात.

आता या सेवेतली खरी खोट. वन्यजीव दिसायची वेळ पहाटेची आणि सांजेची. परवाना आणि बोट यांचं काम सुरू होऊन किनाऱ्याला लागेपर्यंत साडेनऊ-दहा वाजतात आणि पाचच्या सुमारास जंगल सोडायचं असतं. म्हणजे दिवसातला सर्वांत निवांत, प्राणी झोपलेले असतात तो तुकडाच आपल्या वाट्याला येतो. यात कुणाची चूक नाही, अंधारात पाहुण्यांना जंगलात ठेवणं शहाणपणाचंही नाही. पण ‘व्याघ्र प्रकल्प’ ही पाटी वाचून मोठ्या प्राण्यांची आस धरणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं. ताडोबात गाडीतून वाघ बघितलेल्या माणसाला इथे पहिले दोन तास काहीच घडत नाही असं वाटतं. घडत असतं, पण वीस मीटर उंचीवर आणि पायाखालच्या पाचोळ्यात.

बोटीच्या तास-दीड तासाकडे नुसता प्रवास म्हणून बघू नका, कारण मोठा प्राणी दिसायची सगळ्यांत बरी संधी तिथेच असते. शिवसागराची पातळी पावसाळ्यानंतर हळूहळू उतरत जाते, कारण हे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजघराकडे सोडलं जातं. पाणी मागे हटलं की उघड्या काठावर कोवळं गवत येतं आणि मार्च ते मे गवे त्या गवतावर उतरतात. बोट पहिली असेल, ऊन चढलं नसेल तर काठावरचे काळे ठिपके दुर्बिणीने तपासा. पायात पांढरे मोजे घातल्यासारखा रंग दिसला की गवाच. बोटवाल्याला आधीच सांगून ठेवा, ‘मामा, काठाला काही दिसलं तर इंजिन बारीक करा.’ ही माणसं याच खोऱ्यातली असतात, त्यांची नजर आपल्यापेक्षा फार पुढची. पाण्यावर कवड्या खंड्या, पाणकावळे, नदी सुरय, हिवाळ्यात कधी मासे उचलणारा कैकर. लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसा, मांडीवर ठेवून नव्हे. परतीला दुपारचा वारा सुटलेला असतो, लाटांचे शिंतोडे आत येतात. कॅमेऱ्याला कोरडी पिशवी हवी.

उतरलेल्या पातळीचा तोटाही आहे. एप्रिल-मेमध्ये बोट नेहमीच्या जागेपर्यंत पोचत नाही. चिखल आणि भेगाळलेली जमीन तुडवत जास्तीचं चालावं लागतं, तेही सावलीशिवाय. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी काठोकाठ असतं आणि बोट झाडीजवळ लागते.

पायथा म्हणजे मेट इंदवली. गाव धरणानंतर उठलं, आता वनखात्याची चौकी आणि ओढा. पुढे खात्रीचं पाणी नाही असं समजून माणशी तीन लिटर बरोबर घ्या. गडावर टाकं आहे, पण ते पाणी गाळल्या-उकळल्याशिवाय पिऊ नये. गडाची उंची ११७१ मीटर आणि धरण भरलेलं असताना पाण्याची पातळी ६५९ मीटरच्या आसपास, म्हणजे चढ पाचशे मीटरचा. तरणी मंडळी तो दीड तासात उरकतात. जंगल बघायचं असेल तर चढायला अडीच-तीन तास धरा. सगळे गट पुढे जाऊ द्या, वीस मिनिटं ओढ्याजवळच बसून काढा. गोंगाट वर सरकला की खालची झाडी पुन्हा बोलायला लागते. दोघांनी गेल्याचा खरा फायदा इथे आहे.

हे पर्जन्यवन आहे, पण केरळातल्यासारखं नाही. नवजा-कोयना-महाबळेश्वर या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पडतो मात्र चार महिन्यांत. पुढचे सात-आठ महिने झाडांना साठवणीवर काढावे लागतात. शिवाय घाटमाथ्याला वारा. म्हणून इथलं छत बुटकं, पंधरा-वीस मीटरचं, पण गच्च विणलेलं. घाटमाथ्याची ठरलेली त्रयी म्हणजे अंजनी, जांभूळ आणि पिसा. खालच्या अंगाला ऐन, किंजळ, हिरडा यांची पानगळी झाडं मिसळतात, वर चढाल तशी ती मागे पडतात. चढताना प्रकाश कुठे बदलतो ते बघा. डोक्यावर आभाळ दिसेनासं होतं आणि हवा एकदम गार लागते, तिथे सदाहरित पट्टा सुरू झाला. गारंबीच्या माणसाच्या मांडीएवढ्या वेली याच पट्ट्यात. त्यांच्या हातभर लांब शेंगा खाली पडलेल्या दिसल्या तर बघून तिथेच ठेवा, अभयारण्यातून बी उचलणंही गुन्हाच.

शेकरू दिसणं जवळपास नक्की म्हणता येईल, फक्त वर बघायला हवं. उंच झाडाच्या बारीक फांद्यांच्या बेचक्यात पानाकाटक्यांचा गोल गठ्ठा दिसला की ते घरटं. एक शेकरू अशी अनेक घरटी बांधतो, त्यामुळे रिकामं निघालं तरी थांबा. आवाज खडखडाटासारखा, लागोपाठ. तो आला की हलू नका, पंधरा मिनिटांत शेपटी फांदीवरून लोंबताना दिसते. फळांनी लगडलेला उंबर किंवा वड सापडला तर तासभर तिथेच मुक्काम ठोका. फेब्रुवारी-मार्चमध्ये अशा झाडावर मलबारी राखी धनेश, हरियल, कुटुर्गा, बुलबुल आणि शेकरू एकाच वेळी जेवायला असतात. गडाच्या टोकापेक्षा असं एक झाड जास्त देतं, हे आमचं ठाम मत. जमिनीवर पाचोळा खरवडण्याचा आवाज आला तर बहुधा राखी रानकोंबडा किंवा पाचू कवडा. कोतवाल पक्ष्यांच्या मागे लहान पक्ष्यांचा मिश्र थवा फिरतो, पाच मिनिटांत येतो नि जातो, म्हणून दुर्बीण गळ्यात हवी, सॅकमध्ये नव्हे. दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची घ्या. गच्च सावलीत १०×२५ ची खिशातली दुर्बीण अंधूक दिसते, कारण तिच्यातून डोळ्यात उतरणारा प्रकाशाचा झोत जेमतेम अडीच मिलिमीटरचा, ८×४२ चा पाच मिलिमीटरहून जास्त. कॅमेऱ्याचंही तेच. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १६०० च्या खाली ठेवून हलता पक्षी गोठवायचा हट्ट केलात तर सगळे फोटो हललेले येतील.

मोठे प्राणी प्रत्यक्षापेक्षा खुणांतून वाचायचे. वाटेच्या मधोमध पडलेल्या विष्ठेत केस आणि हाडाचे तुकडे असतील तर बिबट्या किंवा कोळसून, म्हणजे रानकुत्रा, उंबर-करवंदाच्या बियांचा नुसता लगदा असेल तर अस्वल. फोडलेलं वारूळही अस्वलाचंच काम. कुत्रं भुंकल्यासारखा आवाज एका ठिकाणाहून ठरावीक अंतराने येत राहिला तर ते भेकर आहे आणि त्याला काहीतरी दिसलंय. वानरांची खाकर त्यात मिसळली तर बिबट्या फार लांब नाही. अशा वेळी दोघांनी एकत्र उभं राहावं, एकाने पुढे जाऊन डोकावू नये. पिसोरी, म्हणजे सशापेक्षा थोडं मोठं हरीण, इथे आहे, पण दिवसा दिसलं तर लॉटरीच. वाघाचं विचाराल तर ताडोब्याकडून वाघीण आणून सोडण्याचं काम चांदोलीच्या बाजूने सुरू झालं आहे. एका दिवसाच्या पायपिटीत त्याची आशा धरू नका, आणि बोटीवर कुणी खात्री देत असेल तर हसून सोडून द्या.

आणखी एक स्थानिक मानकरी म्हणजे कोयनेचा टोड, बेडकाच्या जातकुळीतला. १९६३ साली याच खोऱ्यातून शास्त्राला कळलेला हा भेक सह्याद्रीच्या याच भागातला. पण तो पावसाळ्यात सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, प्रजननाला येतो, तेव्हा वाट बंद. त्यामुळे त्याचं दर्शन या सेवेत बसत नाही.

वरच्या टप्प्यात झाडी संपते, कारवी आणि उघडा कातळ लागतो. नागेश्वर या गुहेतल्या शिवस्थानाचा फाटा इथे पोचण्याआधी जंगलातच फुटतो. एका दिवसात वासोटा आणि नागेश्वर दोन्ही करायचं असेल तर पळावं लागतं आणि पळताना जंगल बघता येत नाही, तेव्हा दोन्हींपैकी एकच ठिकाण निवडा. गडावर बिनछपराचा मारुती, महादेवाचं मंदिर, चुन्याचा घाणा, वाड्याचे अवशेष. शिवरायांनी याला व्याघ्रगड नाव दिलं, १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. बाबूकड्यावर मात्र थांबा. नालेच्या आकाराचा हा कडा थेट कोकणात तुटतो आणि समोर जुना वासोटा नावाचा डोंगर. अरबी समुद्रावरून येणारी ओली हवा याच भिंतीला आपटून वर चढते, थंड होते आणि रिकामी होते. अख्ख्या जंगलाचा उगम हा असा एका नजरेत दिसतो. उन्हाच्या वेळी गरम हवेवर सर्पगरुड आणि पाकोळ्या आपल्या डोळ्यांच्या पातळीवर तरंगतात, कधी शाहीन ससाणा सपकन खाली जातो. प्रतिध्वनी ऐकायला ओरडणाऱ्यांची इथे रांग लागते. ती संपेपर्यंत डबा खाऊन घ्या, पण माकडांकडे पाठ करून नव्हे. अशा कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर, धूर आणि दगड भिरकावणं तिन्ही टाळा.

बिघडतं काय, तर बहुतेक वेळा उतरताना. बारीक खड्यांवर वाळलेला पाचोळा, त्यावर गुळगुळीत तळाचे बूट, आणि पाचची घाई. खोल खाचांचे बूट आणि एक बांबूची काठी यांनी निम्मा प्रश्न सुटतो, उरलेला निम्मा दोन वाजता उतरायला लागल्याने सुटतो. ऑक्टोबरात वाट उघडल्या-उघडल्या जळवा असतात. पँट मोज्यात खोचा, मोज्यावर तंबाखूचं पाणी किंवा मीठ चोळा. चिकटलेली जळू ओढू नका, नखाने तोंडाकडची बाजू सैल करून सरकवा. ती रक्त न गोठण्याचा रस सोडते, म्हणून जखम वाहत राहते. घाबरू नका, फडकं दाबून धरा. हिवाळ्यानंतर उघड्या गवतात गोचिडी, त्यामुळे रात्री अंघोळीच्या वेळी काखा आणि कंबर तपासा. डिसेंबर-फेब्रुवारीत वाटेच्या कडेला खाजकुइलीच्या तपकिरी, लवदार शेंगा लोंबतात. अंगाला लागली तर खाजवू नका, चिकटपट्टी लावून ओढा म्हणजे लव निघते, मग पाणी. वरच्या कातळात हात टाकण्याआधी खाच बघा, तिथे फुरसं हा विषारी साप उन्हाला बसतो. जंगलात फांदीला धरून तोल सावरण्याची सवयही नको, हिरवा चापडा साप पानासारखाच दिसतो.

गुडघे दुखणाऱ्यांनी, लहान मूल कडेवर असणाऱ्यांनी हा बेत सोडावा. सांगलीकडच्यांना शिराळ्यावरून चांदोली जवळ पडतं. तिथे वाहनातून आत जाता येतं, झोळंबीचा सडा बघता येतो. पण काचेतून बघणं आणि पाचोळ्यात उभं राहणं यात फरक राहतोच.

या व्यवस्थेला आमचे पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो दोन गोष्टींसाठी. दोघा-तिघांना माणशी भाड्याने बसता येईल अशी सकाळची एक तरी ठरलेली बोट हवी, आणि पक्षी-झाडं ओळखणारा स्थानिक वाटाड्या परवान्याच्या खिडकीवरच मिळायला हवा. गड दाखवणारे पुष्कळ, पिसा आणि अंजनी वेगळी करून दाखवणारा शोधावा लागतो.

जेवणाची ऑर्डर बोटीत बसण्याआधी द्या, मग संध्याकाळी पिठलं-भाकरी किंवा धरणातल्या माशाचं कालवण तयार मिळतं. आयत्या वेळी सांगितलंत तर तासभर बसावं लागेल आणि कासचा रस्ता पूर्ण अंधारात कापावा लागेल. अंधारी ते कास या टप्प्यात रात्री गवे रस्त्यावर येतात. दिसले तर गाडी थांबवा, दिवे मंद करा, हॉर्न वाजवू नका. एक ओलांडून गेला म्हणून लगेच गाडी हलवू नका, मागे कळप असतो.